कोल्ह्यासाठी घेतलेली रायफल

माझं अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखन चुकतं, त्याची माफी असावी. कोल्हे आमच्या मळ्यातली खरबुजं फोडत. म्हणून मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मी लोणी विकून साठवलेल्या पैशांतून रायफल घ्यायचं ठरवलं. फेडतो म्हणाले. बिदरच्या दुकानात दर गोळीला दांडा ओढायच्या दोन रायफली होत्या, एक हलकी आणि एक रानडुकरासाठीची जड. मी हळूच म्हणाले, "कोल्ह्याला हलकी बास की."

"चौथी शिकून बंदुका निवडायलीस व्हय?" असं म्हणून त्यांनी रानडुकराची जड रायफल घेतली.

पहिल्याच गोळीत कोल्हा फुटला. आतडी खरबुजांवर पसरली, माशा बसल्या. मी खरबुजं राखेनं धुतली, तरी वास गेला नाही. अजून मी खरबुजाला हात लावत नाही. त्या दिवशी लाज सोडून मी माझे पैसे मागितले. मालकांनी रायफल विकली आणि माझे सगळे हाली रुपये, निजामाच्या राज्यातलं नाणं, फेडले.