न्हाल्यावरच दवाखाना

एकोणीसशे सत्तरच्या दशकातली गोष्ट. नवरा पिंपरीला कंपनीत, चाळीत आमच्या दोन खोल्या. मला खोकल्यातून रक्त पडायचं. डॉक्टरांनी टीबीचं नाव काढलं मात्र, सासूबाई महाळुंग्याहून आल्या आणि माझ्या चार वर्षांच्या पोरीला उचलून घेऊन गेल्या. "बरी झालीस की ने," म्हणाल्या. सुया टोचून घेतल्या, मूठमूठ गोळ्या गिळल्या. वर्ष होत आलं तरी रक्त पडायचं, थांबायचं, पुन्हा पडायचं. आणि गंमत बघा, थुंकी तपासली की जंतू नाहीत, फोटो काढला की छाती साफ! वर डॉक्टर म्हणायचे, "बाई, गोळ्या चुकवता तुम्ही." असा संताप यायचा!

मग दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई नव्या आल्या. माझ्याच वयाच्या, बोलायला फटकळ.

"रक्त पडतं त्याच दिवशी का येत नाही?"

"न्हाल्यावर येते."

"न्हाल्यावर म्हणजे?"

शेजारी कंपाउंडर उभा! मी मान खाली घालून पुटपुटले, "बाहेरची असते ना मी तेव्हा. पाचव्या दिवशी न्हायचं, मग दवाखाना."

बाई लिहायच्या थांबल्या. "रक्त नेहमी त्याच दिवसांत पडतं?"

अगं बाई! दर वेळी! एक महिना चुकलेला नाही! हे मला कुणी विचारलंच नव्हतं, आणि मी तरी कुणाला सांगणार होते?

"पुढच्या खेपेला पहिल्याच दिवशी यायचं," बाई म्हणाल्या. "न न्हाता."

गेले. नवऱ्यानं रजा टाकून सायकलवर डबलसीट नेलं. शेजारणी बघत होत्या, बघोत! फोटोत उजवीकडे डाग. दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो, तर डाग गायब! बाई दोन्ही फोटो खिडकीच्या उजेडात धरून नाचायच्याच काय त्या बाकी होत्या. टीबीचा डाग असा येत-जात नाही म्हणे. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. गर्भाशयाच्या आतलं अस्तर असतं, तसलंच काहीतरी छातीत रुजलं होतं, आणि पाळी आली की तेही रक्त सोडायचं. पाळी थांबवायच्या गोळ्या मिळाल्या. तीन महिने रक्ताचा थेंब नाही, आणि मी तडक महाळुंग्याची एसटी पकडली.

ओसरीवर सासरे बसले होते. मी उभ्या उभ्याच ओरडले, "टीबी नव्हताच! पाळीचं रक्त होतं ते, छातीतनं येत होतं!" सासरे घाईघाईनं उठून मागच्या दारी गेले.

"अगं हळू! खरं हाय व्हय?" सासूबाई म्हणाल्या.

मी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी पुढं केली. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी ती दोन्ही हातांत धरून ठेवली.

पोर दाराआड उभी होती. मी हात पसरले, तर तिनं पटकन फ्रॉकचं टोक तोंडावर दाबलं. कुणी शिकवलं ते विचारलं नाही. रडू आलं, रागही आला. सासूबाईंनीच ते टोक तिच्या मुठीतनं सोडवलं आणि म्हणाल्या, "जा."

ती आली, गाल फुगवून, अगदी माझ्या तोंडाशी आली आणि घाईघाईनं विचारलं, "आई, आता श्वास घेऊ?"