साधी गाठ

"आई, साधी गाठ आहे," मुलगा म्हणाला, आणि मला काही ते खरं वाटेना.

जिभेच्या कडेला वाटाण्याएवढी गाठ होती. दुखत नव्हती, पण घास चावताना मधे यायची. अमरावतीच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला होता. रिपोर्ट आला तेव्हा मला बाहेर बसवून मुलगा आणि सून आत गेले. बाहेर आले ते हसत. हसत! चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरीण होते मी. थापा मारणारं तोंड मला लांबूनच ओळखू येतं.

आणि हे वाक्य तर माझंच होतं. सहा वर्षांपूर्वी ह्यांच्या गळ्यात कॅन्सरची गाठ निघाली. आमच्याकडे पेशंटला खरं सांगायची रीत नाही. "साधी गाठ आहे," असं मीच ह्यांना शेवटपर्यंत सांगत राहिले. पेरलं तेच उगवतं म्हणतात.

"ऑपरेशन करून टाक, मोकळी होशील," मुलगा म्हणे.

"मले खरं सांग, मंगच सही करीन."

"खरंच सांगून राहिलो ना, आई!"

त्यात सून रोज मऊ खिचडी करायला लागली. शेजारीण न बोलावता येऊन बसायची. का बरं एवढं प्रेम? रिपोर्टमधलं डॉक्टरी इंग्रजी काही मला उमजेना.

शेवटी रिद्धपूरला दर्शनाला जाते म्हणून सांगितलं, फाइल पिशवीत टाकली आणि अकोल्याची एसटी धरली. तिथे एका दवाखान्यासमोरच्या मेडिकलवाल्याला म्हटलं, "भाऊ, तुही माही ओळख नाही. खोटं बोलाचं तुले काई कारण नाही. वाच."

त्यानं दोनदा वाचलं. "काकू, कॅन्सर नाही हा. जिभेतल्या नसेच्या आवरणाची गाठ आहे. काढली का झालं."

अरे बाप्पा! जीव भांड्यात पडला. तिथल्या बाकावर बसून मी ढसाढसा रडले. त्यानं पाणी दिलं.

"तुमच्यासारखे लय येतात, काकू. घरच्यायले न सांगता, फाइल घेऊन."

गिलास तसाच हातात राहिला. हेही आजारपणात एकदा एकटेच अकोल्याला आले होते, मित्राला भेटतो म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांची फाइल मला कपाटात भलत्याच खणात सापडली होती. आणि आदल्या संध्याकाळी घरी आल्या आल्या ते आपणहून म्हणाले होते, "तू काळजी नको करू. साधीच गाठ आहे माही."

आपली थाप पचली म्हणून मी तेव्हा देवापुढे साखर ठेवली होती.