पेशकश केलेले डबे

आमच्या गुनाबादेत नुसरत आगांना नावानं कुणी ओळखत नसे. 'ताऱ्यांचे मास्तर' म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवायचं. शाळेत ते पदार्थविज्ञान शिकवत. निदान तासाची सुरुवात तरी त्यानं व्हायची. मग गाडी आभाळात शिरायची.

"आकाशगंगेला कहकशान का म्हणतात रे गाढवांनो? काह म्हणजे पेंढा, कशान म्हणजे ओढून नेणारे. कुणीतरी रात्री पेंढा ओढत नेला आणि वाटभर सांडला. फिरंग्यांना तिथंच दूध सांडलेलं दिसलं. ज्याच्या घरी जे सांडतं, ते त्याला वर दिसतं!"

आभाळातला एकेक शब्द त्यांनी कार्डावर उतरवला होता. वर इंग्रजी, फ्रेंच, अरबी, त्याखाली आपला फारसी, आणि सगळ्यात खाली तो कुठून आला ते. पुस्तकांतलं पुस्तकांतून घेतलं. पण धनगरांचे आणि भुयारी कालव्याच्या पाणक्यांचे शब्द कुठल्या पुस्तकात असणार? त्यासाठी ते म्हाताऱ्यांच्या उशाशी बसत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ही सगळी आयुष्याची कमाई. मलीहे खानम, त्यांची बायको, म्हणायची, "माझी सवत पत्र्याची आहे."

केशराच्या दिवसांत तेहरानहून डॉक्टर सियामक आले. ते आभाळाच्या शब्दांचा कोश करत होते. माणूस गुणी, पण वाढलेला कॅनडात. दिवाणखान्यात जांभळ्या फुलांचा ढीग, बायका केशर खुडताहेत, आणि डॉक्टर डबे उघडून बसलेले.

"आगा, हा तर खजिना आहे!"

"पेशकश!" मास्तर छातीवर हात ठेवून म्हणाले. "तुमचाच आहे. घेऊन जा."

आमच्याकडं पाहुण्यानं वस्तूची तारीफ केली की असं म्हणावंच लागतं. पाहुण्यानं नको नको म्हणायचं, आपण आग्रह करायचा, त्यानं पुन्हा नको म्हणायचं, आणि वस्तू जागच्या जागी. या रीतीनं आमच्या गावात गालिचे, घड्याळं, एकदा तर खेचरही देऊन झालंय. कुठलंच घराबाहेर पडलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "छे छे, कसं शक्य आहे?"

"तुमच्या योग्यतेचं नाही, पण घ्याच."

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मास्तरांना मिठी मारली. आणि डबे उचलले.

मलीहे खानम धावली. "अहो, चहा तरी होऊ द्या! डबे असू देत, मागाहून नीट बांधून—"

मास्तरांनी डोळ्यांनीच तिला गप्प केलं. शेवटचा डबा तर त्यांनी स्वतःच्या हातानं गाडीत ठेवला.

काही दिवसांनी डॉक्टरांचाच फोन आला. मी, मास्तरांचा जुना विद्यार्थी, तेव्हा त्यांच्याकडंच खरबुजाच्या बिया फोडत बसलो होतो. तेहरानात कुणीतरी त्यांना रीत समजावून सांगितली होती. बिचारे शरमेनं अर्धे झाले होते. परत पाठवू का, विचारत होते.

मलीहे खानम दोन्ही हातांनी खुणा करत होती, हो म्हणा, हो म्हणा.

"काय बोलताय डॉक्टर!" मास्तर म्हणाले. "दिलेलं कुणी परत घेतं का? जीवसुद्धा तुमचाच."

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "जीव एवढा राहिला होता, तोही देऊन टाकलात." आणि उठून आत गेली.

हिवाळ्यात सगळं पुन्हा लिहायला मास्तरांनी नवी कार्डं आणली. इंग्रजी, फ्रेंच भराभर उतरलं. म्हाताऱ्यांचे शब्द मात्र येईनात. व्याधाच्या ताऱ्यापाशी तर ते अडलेच. अरबीत शेअरा, जुन्या फारसीत तिश्तर, हे झालं. पण काखक गावचा बरातअली पाणक्या त्याला काय म्हणायचा? बरातअली कधीच मातीत गेला होता. त्याच्या मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "मास्तर, आमच्याकडं आता मोबाईलवर गजर लावतात."

मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारा ना फक्त."

"म्हणजे मागितल्यासारखं होईल."

रस्त्यात मला अडवून विचारायचे, "अरे, बरातअली काय म्हणायचा?" मग तेच घरच्यांना विचारू लागले. शेवटी दवाखान्यात नर्सलाही.

मास्तर गेल्यावर चाळिसाव्या दिवशी डॉक्टर डबे घेऊन आले. हलवा वाटून झाला होता. ते दारातच उभे राहिले. खाली मान घालून, डब्यांच्या ओझ्यानं वाकलेले. सगळे मलीहे खानमकडं बघू लागले. आता ती काय म्हणणार, आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

"ठेव तिथं," ती म्हणाली.

ना या, ना बसा. पाहुण्याशी असं बोललेलं आमच्या गावानं ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनी डबे ठेवले.

मग ती मला म्हणाली, "शोध रे."

बरातअलीचं कार्ड सापडायला वेळ लागला. मास्तरांचं बारीक, तिरकं अक्षर.

"मोठ्यानं, नीट वाच."

"नौबती," मी वाचलं. "पाण्याची पाळी सांगणारा तारा. तो डोंगरावर आला की झोपलेल्याला उठवायचं. सांगणारा: बरातअली, काखक."

मलीहे खानमनं कार्ड माझ्या हातातून घेतलं, मास्तरांच्या तसबिरीसमोरच्या हलव्याच्या बशीला टेकवून उभं केलं, आणि चहा ओतायला लागली. डॉक्टरांचा पेला तिनं शेवटी भरला, पण भरला.