काठावर काय न्हाई

आकाराम हवालदाराला पुलाचं खूळ लागलंय, असं गावात सगळे म्हणायचे. म्हणेनात का! ज्याचं जळतं त्यालाच कळतं. फौजेतून पेन्शनीत आलेला माणूस, चार गुंठे ऊस राखून सुखानं बसायचं सोडून गळिताच्या हंगामात रोज नदीवरच्या पुलाच्या तोंडाशी उभा राहायचा. ही ट्रॉली थांबव, ती बैलगाडी सोड. ड्रायव्हर शिव्या घालायचे, तर हा दोन जास्तीच्या परत करायचा. फौजेतल्या हिंदी शिव्या त्या, गावाला निम्म्या कळायच्याच नाहीत.

पूल जुना, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. आणि गावाचं सगळं नशीब पलीकडं: कारखाना, बाजार, मलकापूरचा दवाखाना.

त्र्याण्णव साली, ऐन हंगामात, त्याची लेक अंजना बाळंतपणाला आली होती. म्हसवडकडं दिलेली पोर. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीतच. सासरच्यांनी विश्वासानं पाठवलेली. पोर अडली. सुईण म्हणाली, "हवालदार, आता माज्या हातात न्हाई, दवाखाना गाठा." जीप काढली, तर पुलाच्या मध्यावर एका ट्रॉलीचं चाक निखळून पडलेलं. पुढं उसाच्या गाड्या, मागं उसाच्या गाड्या. जीप ना पुढं जाईना ना मागं येईना. आकारामनं हात जोडले, गाडीवानांच्या पाया पडला, शेवटी वेड्यासारखा उसाच्या मोळ्या उचलून नदीत फेकायला लागला. वाट मोकळी झाली तोवर जीपमध्येच सगळं आटपलं होतं. अंजना वाचली. मुलगा झाला होता, तो रडलाच नाही. पुढं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हिला आता दुसरं मूल होणं अवघड.

तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. आणि कुठं पुरलं ते सांगत नाहीत. करणीवाले उकरून नेतात म्हणून भीती. आईला तर मुळीच सांगायचं नाही. तिचा जीव त्या जागेत अडकतो म्हणे, आणि कूस पुन्हा उजवत नाही. आकारामनं एकट्यानंच नातवाला आपल्या मफलरीत गुंडाळलं आणि पुलाच्या खालच्या अंगाला, करंजाच्या झाडापासून जरा हटून, खड्डा घेतला. वर खुणेचा दगडसुद्धा ठेवला नाही. बायकोलाही बोलला नाही.

अंजना दर दिवाळीला यायची, आणि फराळाचं ताट पुढं असतानाच विचारायची, "आबा, कुठं ठेवलंय वो त्याला? नुसतं सांगा. मी जायची न्हाई तिथं."

"तशी रीत न्हाई, पोरी." एवढं बोलून हवालदार पुलाची वाट धरायचा.

शालूबाई, त्याची बायको, पाठीमागून म्हणायची, "आवं, दगडाला पाझर फुटंल, तुमाला न्हाई!" तिला काय ठाऊक, हा माणूस दर अमावस्येला त्या करंजाकडं तोंड करून उभा असतो ते.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात बातमी आली की रस्ता रुंद होणार, नवा पूल होणार. पण त्याआधी पर्यावरणाची पाहणी, आणि लोकांचं म्हणणं ऐकायला जनसुनावणी. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. साहेब आले, तरुण होते, बोलायला मऊ. म्हणाले, "नव्या रस्त्याचा भराव काठावरून जाणार. तिथं झाडं, पाणवठे, देवस्थानं, दफनाच्या जागा, जे असेल ते सांगा. काही निघालं तर परत नीट पाहणी करू. थोडा वेळ जाईल, पण घाई नको."

वेळ म्हटल्यावर आकाराम ताडकन उठला.

"किती वेळ, साहेब? अजून किती हंगाम? माज्या लेकीचं लेकरू त्या पुलावर गेलं. आनि कुनाकुनाची घालवायची तुमच्या पाहणीपायी? झाडं मोजताय, मासे मोजताय, आमची मानसं कवा मोजनार?"

व्हरांड्यात टाळ्या पडल्या. सरपंच नाथाजीनं तर डोळे पुसले.

साहेबांनी टाळ्या थांबू दिल्या. "हवालदार, तुमचं दुःख कळतंय. पण विचारणं माझं काम आहे. खालच्या अंगाला, त्या करंजाच्या बाजूला, काही आहे का?"

आता सगळा गाव त्याच्याकडं बघत होता. सांगावं तर रीत मोडते, सगळ्या गावाला जागा कळते, वर आणि पाहणी लांबते.

"काठावर काय न्हाई, साहेब. झाडंझुडपं हायत. लवकर करा."

घरी येताना त्यानं मनाशी ठरवलं. गेली रीत चुलीत! दिवाळीला अंजी आली की तिला करंजाखाली न्यायचं, पोटभर रडू द्यायचं, ओंजळभर माती घेऊ द्यायची. तोवर काय होतंय? सरकारी काम आणि सहा महिने थांब! उभ्या जन्मात सरकारला धावताना बघितलं नव्हतं त्यानं.

पण यंदा सरकारनं हवालदाराचं ऐकलं. मंजुरी झटक्यात आली. दसऱ्याच्या सकाळी नाथाजी हार घेऊन दारात. "चला हवालदार, नारळ तुमच्याच हातनं फुटाय पायजे. तुमी बोललासा म्हनून झालं ह्ये."

आकाराम पोहोचला तेव्हा करंज आडवा झाला होता. मशीन माती ओढत होतं, ओतत होतं, दाबत होतं. कुणीतरी त्याच्या हातात नारळ दिला. तो फुटेना. नाथाजीनं हाताला हात लावून फोडला, आणि लोक म्हणाले, म्हातारा आनंदानं रडतोय.

दिवाळीला अंजना आली. ताटावर बसायच्या आधीच आकाराम म्हणाला, "चल, अंजे." ती पायात चपला सरकवून निघाली. वाटेत त्यानं सगळं सांगितलं. मफलर सांगितली, करंज सांगितला, साहेबाला दिलेलं उत्तरही सांगितलं. ती ऐकत चालली होती.

भरावावर चढून आकाराम थांबला. "हितं," म्हणाला. मग चार पावलं पुढं गेला. "न्हाई, हितं असंल." परत मागं आला. झाड नाही, उतार नाही, नदीचा काठसुद्धा सरकलेला. सगळीकडं सारखा मुरूम. चौफेर बघत तो गरगर फिरत राहिला. "अंजे, मला गावंना गं," म्हणाला, आणि मटकन खाली बसला.

अंजना त्याच्याजवळ बसली. बराच वेळ मुरमावरून हात फिरवत राहिली.

"आबा, मला ठावं न्हवतं. पर तुमाला ठावं हाय, कुनाला तरी ठावं हाय, ह्याच्यावर मी इतकी वर्सं काढली."

मागून डंपर आला, हॉर्न वाजवायला लागला. अंजनानं बापाला दंडाला धरून उठवलं आणि दोघं बाजूला झाली.