निवडून न येणाऱ्या बाईंच्या गावी

भंडारा रोड स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि अंगात सांगलीच्या थंडीचा स्वेटर होता. सांगलीत जिला आपण थंडी म्हणतो ती थंडी नव्हेच, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. भंडारा रोड हे स्टेशन भंडाऱ्यात नाही, ही दुसरी माहिती रिक्षावाल्याने दिली आणि तिसऱ्या माणसाला बसायला जागा केली.

भंडारा हा तलावांचा जिल्हा, असं शाळेत शिकले होते. विमा कचेरीत बत्तीस वर्षं काढलेल्या बाईला खातरजमा केल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून निवृत्त झाल्यावर निघाले. मोहाडीवरून बस पुढे गेली. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या बांध्या (धानाची बांध घातलेली शेतं), त्यांत पुंजणे (कापलेल्या धानाच्या गंजी), आणि मधूनच एखादा तलाव, त्यावर धुकं. मन प्रसन्न झालं. मग माझं मुक्कामाचं गाव आलं. त्याचं नाव सांगत नाही, कारण तिथं मला पुन्हा जेवायला जायचं आहे.

गावात शिरताना एक स्वागत कमान लागली. दोनशे पावलांवर दुसरी, बाजाराजवळ तिसरी. इतकं स्वागत मला सासरीही झालं नव्हतं. तिसऱ्या कमानीखालून नाली (उघडं गटार) वाहत होती. वाहत होती म्हणणं बरोबर नाही, ती तिथं मुक्कामाला होती.

उतरण्याची सोय शालूताईंकडे होती. भाच्याच्या मित्राची ही आत्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका, एकटीच राहणारी. घर दोन खोल्यांचं, स्वच्छ, ओट्याशेजारी छोटीशी बुद्धमूर्ती. त्यांनी तांदळाची गरम भाकर आणि तलावातले झिंगे (छोटी कोळंबी) वाढले. जेवताना सहज म्हणाल्या, "मी नगराध्यक्षाच्या निवडणुकीले उभी राहू म्हणते. फारम भरायले तीन दिवस उरले. अजून ठरून नाई राहिलं."

मी म्हटलं, "वा! मग अडचण काय?"

"गाव म्हणते, मी निवडून येत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावाला भेटायला गेले. रामाजींच्या हॉटेलात पोहे मागवले. रामाजी म्हणाले, "सांबार टाकू का?" आपल्याकडच्या सवयीने मी म्हटलं, "वेगळ्या वाटीत द्या, गरम असेल तर." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि बारीक चिरलेल्या कोथिंबिरीची वाटी आणून ठेवली. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी ती वाटीभर कोथिंबीर, असंच खायची सवय असल्यासारखी, संपवली.

शेजारच्या बाकावर डोमाजी गुरुजी बसले होते. शाळेतून निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून राजकीय विश्लेषणात पूर्णवेळ. मी शालूताईंची पाहुणी आहे म्हटल्यावर त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"बाई चांगली हाय," ते म्हणाले. "दवाखान्यात कोणाचा एक रुपया घेतला नाई तिनं. म्हणूनच निवडून येत नाई."

"म्हणजे?"

"टॅक्स भरा म्हणते जी! घरटॅक्स भरा, पाण्याचं बिल भरा, मंग नाली बांधू. असं कोणी निवडनुकीच्या आधी बोलते का? माजी अध्यक्षानं पाच वर्सं टॅक्सचं नावच नाई काढलं."

"मग त्यांनी पैसे कुठून आणले?"

"आनले ना. तीन कमानी उभ्या हायेत."

रामाजी कढईपाशून म्हणाले, "तिचा हिशोब तसा बरोबर हाय. पन बरोबर हिशोब लोकाईले नाई चालत."

मी विचारलं, "तुम्ही मत कुणाला देणार?"

"मी? मी तिलेच देतो जी. माह्या मायचं आजारपन तिनं काढलं. पन लोक नाई देत."

गुरुजी म्हणाले, "मी बी देतो. घरचे सगळे देते. पन लोक!"

मग त्यांनी पेन काढून वर्तमानपत्राच्या कडेला बेरीज मांडली. या मोहल्ल्याची मतं शालूताईंना, त्या मोहल्ल्याची कधीच नाहीत, ढिवरांची (मासेमारी करणाऱ्यांची) फुटणार, व्यापाऱ्यांची आधीच फुटलेली. बेरजेत शालूताई कधी तिसऱ्या येत, कधी चौथ्या. रिंगणात तिघंच असल्याचं मी दाखवून दिलं, तर म्हणाले, "चौथा उभा होईल ना."

दुपारी तलावावर गेले. पाणी निळं, कडेला शिंगाड्याचे वेल, एक डोंगा (लाकडाची अरुंद नाव) संथपणे जाळ्याकडे निघालेला. चार फोटो काढले आणि पाचव्याला चिखलात घोट्यापर्यंत गेले. कौसल्याबाईंनी हात देऊन बाहेर ओढलं. त्या ढिवर, बाजारात मासोळी विकणाऱ्या. चप्पल चिखलातच राहिली. ती त्यांनी काठीनं काढून दिली. पाय धुता धुता मी शालूताईंबद्दलचा माझा ठरलेला प्रश्न विचारला.

"बाई म्हणते, बाजारात बसाची पावती फाडा लागन," कौसल्याबाई म्हणाल्या. "आमच्यातल्या बाया भडकल्या. म्या म्हटलं, काहून भडकता? आता बी पैसे तर देतोच, पावतीच मिळत नाई. ती म्हणते पावती देतो, वरून टिनाचं छप्पर आन् नळ देतो. मले तर पटलं."

"मग मत देणार?"

"देतो ना!"

मी वाट पाहिली. "पण लोक" आलं नाही. त्यांनी टोपली उचलली आणि निघाल्या. दोन दिवसांत भेटलेली ही पहिली मतदार, जिला इतरांच्या मताची चिंता नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी शालूताईंच्या अंगणात बैठक बसली. गुरुजी, रामाजी, कौसल्याबाई आणि मी. खुर्च्या चार होत्या, म्हणून शालूताई उंबऱ्यावर बसल्या. त्या जणू तिथं नव्हत्याच अशा थाटात चर्चा सुरू झाली. बाईंनी रंगीत साडी नेसावी का. टॅक्स हा शब्द न वापरता टॅक्स कसा मागावा. एका पक्षाचा माणूस येऊन तिकिटाचं बोलून गेला होता. अट एकच, निकालापर्यंत हिशोबाचं काही बोलायचं नाही आणि चौथ्या कमानीला विरोध करायचा नाही.

मग गुरुजी माझ्याकडे वळले. "म्याडम, तुमी पश्चिम महाराष्ट्राच्या. राजकारन तुमच्याकडचं. तुमीच सांगा जी."

मी आयुष्यात सोसायटीच्या चिटणीसपदालाही उभी राहिलेली नाही. पण पश्चिम महाराष्ट्राची अब्रू माझ्या हातात आली म्हटल्यावर मी घसा साफ केला. म्हटलं, "शालूताई, खरं सांगू? असं बोलून तुम्ही निवडून येणार नाही. आधी या, मग बोला. टॅक्सचं एक वर्ष तरी नावच काढू नका."

गुरुजींनी मान डोलावली. रामाजींनीही डोलावली. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. तो अर्धा मिनिट टिकला.

कौसल्याबाई म्हणाल्या, "मंग आमी हिलेच कायले मत देऊ? तोंड बंद ठेवनारे तर आधीच दोघं उभे हायेत."

शालूताई उठल्या, आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. प्रत्येकाच्या हातात कप दिला.

"मी रात्ररात्र वार्डात जागली," त्या म्हणाल्या. "पेशंटच्या घरचे विचारत, बरा होईल ना? खोटं सांगून टाकावं वाटे. पन खोटं सांगितलं की ते मोठ्या दवाखान्यात न्यायले उशीर करत. मले ते आता बी जमत नाई. तिकीट नको. मी अपक्ष भरते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फॉर्म भरला. सोबत कौसल्याबाई आणि टोपल्या बाजूला ठेवून आलेल्या त्यांच्या सहा मैत्रिणी. मीही गेले. रामाजींचं गिऱ्हाईक फार होतं आणि गुरुजींचा गुडघा दुखत होता. परतताना बाजारात उभं राहून शालूताईंनी स्पष्ट सांगितलं, नाली पाहिजे असेल तर टॅक्स द्यावा लागेल, आणि पहिली पावती मी माझ्या भावाच्या नावाची फाडीन. भाऊ गर्दीतच होता. त्याचा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

त्या संध्याकाळच्या गाडीनं मी निघाले. शालूताईंनी डब्यात शिंगाडे दिले आणि म्हणाल्या, "तुमी खरं बोलल्या, राग नाई."

निकाल मला सांगलीत फोनवर कळला. कौसल्याबाईंनीच फोन केला. शालूताई पडल्या. किती मतांनी, तर एका मोठ्या कुटुंबाची मतं भरतील इतक्याच. गावाला धक्का बसला होता. जो भेटे तो म्हणे, इतकी जवळ येईल असं माहीत असतं तर दिलं नसतं का मत?

मी गुरुजींना फोन लावला. आधी त्यांनी मोहल्ल्यांचं पुन्हा सगळं विश्लेषण केलं. मग आवाज खाली आणला. "म्याडम, कोणाले सांगू नका. घरची नऊ मतं होती. येनारच नाई म्हटलं, वाया कायले घालवा. येनाऱ्याले दिली." मग स्वतःच पुढे म्हणाले, "काल तिच्याकडे गेलो सांगाले. तिनं चहा पाजला. बोलता आलं नाई जी. गुडघ्याचं औषध लिहून घेऊन वापस आलो."

फोन ठेवून मी गुरुजींना मनसोक्त नावं ठेवली. शिकलेला माणूस, नऊ मतं, लाज कशी वाटली नाही, वगैरे. संध्याकाळपर्यंत हे पुरलं. मग दिवा लावताना ते अंगण डोळ्यांसमोर आलं, आणि उंबऱ्यावर बसलेल्या शालूताई. त्यांच्या घरचं जेवून, त्यांच्याच खुर्चीत बसून, "तुम्ही निवडून येणार नाही" हे चारचौघांत ठणकावून मीच सांगितलं होतं. आणि माझं तर त्या गावात मतही नव्हतं.