हरिहरवकिलांच्या यादीतली कोरी ओळ

अमरावतीच्या अंबापेठेत शकुनताईंना ओळखत नाही असं घर सापडणं कठीण. घरटी एका तरी बाईला त्यांनी भूगोल शिकवलेला. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कोणी विचारलंच, तर "वेळ नाई भेटला" असं त्या इतक्या गंभीरपणे सांगत, की पुढचा प्रश्न विचारायची कोणाची छाती होत नसे. निवृत्तीनंतर भावाच्या घरी वरच्या मजल्यावर राहायला आल्या, तेव्हा सोबत पुस्तकांच्या पेट्या होत्या आणि एक म्हातारा कॉम्प्युटर.

भाऊ म्हणजे हरिहरराव, नावाजलेले वकील. वकिली थांबली होती, उलटतपासणी थांबली नव्हती. घरातलं इंटरनेट त्यांच्या नावावर, राऊटर त्यांच्या टेबलावर. एकदा दुरुस्तीला आलेल्या माणसाने त्यांना सहज दाखवलं, की घरातला कोणता कॉम्प्युटर, कोणता मोबाइल कोणत्या साइटवर गेला त्याची नावं राऊटरच्या पानावर उमटतात. कोर्टात जाणं बंद झालेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या चहाला निकालवाचन सुरू झालं.

"काहून वं शकुन, काल गुडघेदुखीचं पाहून राहिली होती? आमाले सांगायचं नाई?"

यादीत फक्त साइटचं नाव येई. आत काय पाहिलं, ते येत नसे. ती जागा हरिहरराव स्वतःच्या बुद्धीने भरून काढत.

अशातच शकुनताईंनी एक लग्न जुळवायची साइट उघडली. त्यांची जुनी मैत्रीण गोदावरी अकोल्याला असते; तिच्या भाचीसाठी मुलगा बघायचा होता. हरिहररावांनी ती ओळ वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि फिरायला जाणाऱ्या मंडळींत "आमच्या शकुनच्या मनात आता काही तरी हाय" असं हळूच सोडून दिलं. पुढच्या रविवारी अचलपूरहून एसटीने एक विधुर गृहस्थ दारात हजर. हातात संत्र्यांची पिशवी, मागे त्यांचा थोरला भाऊ.

"मले पेन्शन हाय," गृहस्थ खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "आन् दात सगळे माये सोताचे."

शकुनताईंनी त्यांना पोहे खाऊ घातले, दातांचं कौतुक केलं आणि परतीच्या बसची वेळ सांगितली. मग वर जाऊन गोदावरीला फोन लावला. गोदावरी तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवायची. आधी ती पोट धरून हसली.

"अवं, तुहा कॉम्प्युटर कोणत्याबी साइटवर जायच्या आदी तिचा पत्ता विचारते," ती म्हणाली, "आन् थो बी असा मोठ्यानं, की मधात बसलेल्या राऊटरले सगळं आयकू येते. तू एक मधला हरकाम्या ठेव, म्हंजे एक लहानसा प्रोग्राम. तुया कॉम्प्युटरातच बसते थो. पत्ता विचारायची चिठ्ठी बंद पाकिटात घालून परभारे बाहेर धाडते. नेटच्या कंपनीले थोडंफार दिसनच, पण हरिहरची यादी खतम."

"बसवते," शकुनताई म्हणाल्या. "पण आदी आठ दिवस दादाले खाऊ घालते."

त्या आठवड्यात यादीला बहर आला. सोमवारी ईमूपालन. मंगळवारी केसांचे टोप. मग महिला कुस्ती, आइसलँडचा व्हिसा आणि उंट विकत घ्यायची एक राजस्थानी साइट. शकुनताई प्रत्येक साइट उघडत आणि शेजारी चहा पीत बसत. हरिहररावांचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला. जेवताना ते बहिणीच्या अंबाड्याकडे टक लावून बघत. शेवटी त्यांनी बायकोला, मंजुषाबाईंना, स्वयंपाकघरात गाठलं.

"शकुन टोप घालून आइसलँडले चालली. उंटाचं मले अजून समजून नाई राहिलं."

पोटभर मजा झाल्यावर शकुनताईंनी तो हरकाम्या उतरवून घेतला. गोदावरीने फोनवर सांगितलं तशी त्याच्या सेटिंगच्या फायलीत पाकिटं धाडायच्या भरवशाच्या ठिकाणांची नावं भरली, कॉम्प्युटरला ताकीद दिली की यापुढे पत्ते फक्त यालाच विचारायचे, आणि एक साइट उघडली. उघडेना. दुसरीही उघडेना. तासभर त्या फायलीतला एकेक स्वल्पविराम तपासत बसल्या. कंटाळून सहज कोपऱ्यातल्या तारखेकडे पाहिलं, तर कॉम्प्युटरच्या मते साल होतं दोन हजार नऊ.

"मंग बरोबर हाय," गोदावरी फोनवर ओरडली. "पाकिटावरचे शिक्के आजच्या तारखेचे. तुहा कॉम्प्युटर म्हणते, हे साल तर अजून यायचं हाय, शिक्के खोटे! आतला घड्याळाचा सेल काल रातीच मेला असन."

शकुनताई राजकमल चौकात घड्याळवाल्याकडे गेल्या, बटणाएवढा सेल आणला, पेचकस घेऊन कॉम्प्युटर उघडला, आतली धूळ खाऊन शिंकल्या आणि सेल बदलला. तारीख लावली. साइट झटकन उघडली. खोलीत कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःशीच टाळी वाजवून घेतली.

दुसऱ्या दिवशी चहाला निकालवाचन झालं नाही. तिसऱ्या दिवशी ते जिना चढून वर आले.

"तुहं नेट बंद हाय का?"

"नाई तं. पिक्चर पाहून राहिली."

"मंग तुया ओळीत काहीच काहून नाई?"

"म्हातारी बाई मी, दादा. माया ओळीत काय राहणार?"

हरिहरराव खाली गेले, पण शकुनताईंची खुमखुमी जिरली नव्हती. भर दुपारी त्यांनी मंजुषावहिनींना यादी कशी उघडायची ते दाखवून ठेवलं. पासवर्ड नवऱ्याची जन्मतारीख, तो वहिनींनी पहिल्या झटक्यात ओळखला. आणि हरिहररावांच्या ओळीत काय होतं? घरपोच जेवण देणारी साइट. रोज, चारच्या जरा आधी. साखरेच्या आजारामुळे या माणसाला घरात गुळाचा खडाही मिळत नव्हता, आणि चार वाजता तर तो वाचनालयात जायला निघायचा!

पुढच्या चहाला निकालवाचन वहिनींनी केलं. हरिहररावांनी हरकती घेतल्या, पुरावा अपुरा असल्याचं सांगितलं, "साइटचं नाव हाय, पदार्थाचं कोठी हाय?" असंही विचारलं. पण वहिनींनीही मोकळी जागा भरायला शिकून घेतलं होतं. त्यांनी तिथे रबडी भरली, आणि साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

संध्याकाळी ते पुन्हा वर आले. दार ओढून घेतलं.

"शकुन, तुही ओळ कोरी करणारं जे काय हाय, थे मले बी बसवून दे."

"देते. पण आदी यादी बंद. वहिनीच्या समोर, तुया हातानं."

त्यांनी खाली जाऊन निमूटपणे ती नोंद बंद केली. एवढ्या वर्षांत एकही दावा त्यांनी इतक्या पटकन मिटवला नव्हता. शकुनताईंनीही दिलेला शब्द पाळला. भावाच्या कॉम्प्युटरवर हरकाम्या बसवून दिला, तारीखसुद्धा तपासून दिली.

चार दिवसांनी हरिहरराव निश्चिंत मनाने वाचनालयाला निघाले आणि नेहमीप्रमाणे त्यांचे जुने पक्षकार ओमप्रकाश यांच्या कापडदुकानात शिरले. गादीवर मंजुषाबाई बसल्या होत्या. पुढ्यात हरिहररावांनी निघताना दुकानाच्या पत्त्यावर मागवलेल्या रबडीची वाटी, हातात चमचा.

"यादीत तं आता काहीच येत नाई!" हरिहररावांच्या तोंडून निघून गेलं.

"यादी कायले पाहिजे?" त्या म्हणाल्या. "काल तुमच्या मागं मागं चालत आली होती मी. बसा, तुमच्यासाठी बिनसाखरेचा चहा सांगितला हाय."