शेलारची शीळ

निवृत्त झाल्यावर मी विश्रांतवाडीला घर घेतलं. रोज सकाळी दिघीच्या बाजूच्या टेकडीवर जातो. तिथे एवढ्या वर्षांत शीळकरी कस्तूर मला चारदा दिसला. निळसर काळा पक्षी, घाटातल्या ओल्या जंगलाचा. पुण्यात क्वचितच, वाट चुकल्यासारखा येतो. त्याची शीळ अगदी माणसासारखी. एखादं उनाड पोरगं वाजवत चाललंय असंच वाटतं.

पहिल्यांदा ती ऐकली आणि मी आडवा झालो. सरळ पोटावर, मातीत. फिरायला आलेल्या एक बाई थांबल्या.

"अहो, पडलात की काही शोधताय? पडला असाल तर उचलते, शोधत असाल तर जाते."

मी उठून कपडे झटकले.

त्या आडवं होण्याचं कारण ईशान्येतल्या पोस्टिंगमध्ये आहे. तेव्हा मी फौजेत हवालदार होतो. डोंगरमाथ्यावर आमची छोटी पोस्ट, खाली बांबूचं दाट जंगल. पहाटे धुकं इतकं, की पुढच्या बंकरमधला माणूस दिसत नसे. परतणाऱ्या पेट्रोलला, म्हणजे गस्तीच्या तुकडीला, ओळखायचं कसं? हाक मारली तर शत्रूलाही ऐकू जाणार. उपाय नायक शेलारने काढला. तो कोयनेच्या खोऱ्यातला. लहानपणापासून कस्तुराची हुबेहूब नक्कल करायचा.

"हा पक्षी इकडं नाय, हवालदारसाब. इकडच्याची शीळ निराळी हाय. ही शीळ आली की समजायचं, आपला माणूस."

पोस्ट कमांडरने तसा हुकूम काढला. शीळ आली तर पहाऱ्यावरच्या संतरीने हळूच म्हणायचं, "ये." शीळ नाही, तर फायर. पेट्रोलवर शेलार असायचाच, त्यामुळे बाकी कुणी ती शीळ शिकलं नाही. त्यात काही चुकतंय हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

त्या पहाटे शेलार, सिपाही माने आणि आणखी एक जवान नाल्यापर्यंत गेले होते. उजाडता उजाडता खालून फायरिंगचा आवाज आला. दोन बर्स्ट. मग शांतता. मी वायरलेस उचलला.

"टायगर टू, टायगर वन. रिपोर्ट. ओव्हर."

नुसती खरखर. पुन्हा बोलावलं. पुन्हा खरखर.

मग बांबू हलले. कुणीतरी चढत होतं. एलएमजी मशीनगनवर कांबळे होता. त्याच्या दातांचा आवाज मला ऐकू येत होता.

"साहेब, माणसं. फायर?"

"थांब."

"शीळ नाही, साहेब."

"थांब म्हणतोय ना."

भीती काय असते ते मला तेव्हा कळलं. गोळी घालावी तर आपलीच पोरं मरतील. न घालावी तर पाठीमागची सगळी पोस्ट कापली जाईल. पावलं जवळ येत होती, जड, फरफटत. कांबळेचं बोट ट्रिगरवर होतं.

तेवढ्यात धुक्यातून आवाज आला. फुस्स. नुसती हवा. पुन्हा फुस्स. कुणीतरी जिवाच्या आकांताने शीळ वाजवायला बघत होतं आणि ती वाजत नव्हती.

इतकी वाईट शीळ आपलाच माणूस वाजवू शकतो. शत्रूला वाजवायचं कारणच नव्हतं.

"फायर नाही," मी म्हणालो. "ये."

माने आला. ओठ फुटलेले, गालावर रक्त. त्याने आणि दुसऱ्या जवानाने शेलारला उचलून आणलं होतं. शेलार गेला होता. बूट जमिनीवर घासत होते, त्याचाच तो आवाज.

माने आता वाघोलीला लेकाकडे राहतो. कस्तूर आला की मी त्याला फोन करतो.

"आला."

"निघतो."

यंदाही कस्तूर आला. आम्ही दोघं टेकडीखालच्या ओढ्याच्या काठी बसलो, सकाळी, धुक्यात. शीळ झाली. मानेने ओठ गोल करून उत्तर द्यायचा प्रयत्न केला. फुस्स.

"अजून जमत नाही बघा, साहेब," तो म्हणाला आणि डोळे पुसले.

पलीकडून शीळ पुन्हा आली, स्वच्छ, शेलारसारखी. शीळ आली की माणूस यायला हवा. आम्ही धुक्याकडे बघत राहिलो.

"ये," मी म्हणालो.